ऑस्ट्रेलिया एवढा मोठा, मग माणसं सगळी कडेलाच का? आणि लोकसंख्येचे आकडे वाचताना कुठे गफलत होते?

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रेलिया भारताच्या सव्वादोन पटींहून मोठा, माणसं जेमतेम पावणेतीन कोटी. तरी सगळे किनाऱ्याला चिकटून का राहतात? दरवर्षी बाहेरून लाखो लोक घेणारं सरकार त्यांना आतल्या रिकाम्या मुलखात का वसवत नाही? आणि पुढे लोकसंख्या किती होईल, हे कशावरून सांगतात?

सुरुवात भागाकारापासून करू, कारण बहुतेकांची वाट तिथेच चुकते. क्षेत्रफळ ७६.९ लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या २.७ कोटी (हा टप्पा जानेवारी २०२४ मध्ये ओलांडला). भागिले की दर चौरस किलोमीटरला साडेतीन माणसं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हाच आकडा ३६५ होता. गणित बरोबर आहे, पण साडेतीनच्या घनतेत तिथे जवळजवळ कोणीच राहत नाही. लोक एक तर दर चौरस किलोमीटरला दोन-तीन हजार अशा उपनगरांत राहतात, नाही तर शंभर किलोमीटरवर एक घर अशा माळावर. मधली अवस्था फार थोडी.

म्हणून जाणकार लोक साध्या घनतेऐवजी लोकसंख्याभारित घनता काढतात. प्रत्येक तुकड्याची घनता त्या तुकड्यातल्या माणसांच्या संख्येने गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण माणसांनी भागायचं. एक काल्पनिक प्रदेश घ्या. १०० चौरस किलोमीटरचं शहर, त्यात ४ लाख लोक. बाहेर ९९,९०० चौरस किलोमीटरचा माळ, त्यावर २० हजार. साधी घनता ४.२. भारित घनता काढली तर सुमारे ३,८००. पहिला आकडा जमिनीच्या बाजूने बोलतो, दुसरा माणसाच्या. घर, बस, शाळा, पाणी यांचा विचार करताना दुसराच कामाचा. फक्त एक पथ्य: भारित घनता तुकडे किती बारीक घेतले यावर बदलते. दोन शहरांची तुलना करायची तर दोन्हीकडे एकाच मापाचे तुकडे घ्या. ऑस्ट्रेलियन ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्स (पुढे नुसतं 'ब्युरो') एक किलोमीटर बाय एक किलोमीटरच्या चौकटींत लोकसंख्या देतो, ती यासाठी सगळ्यात सोयीची. जिल्हानिहाय रंगवलेले नकाशे मात्र डोळ्यांना फसवतात. वाळवंटातला एकेक विभाग काही युरोपीय देशांएवढा असतो आणि नकाशाचा नव्वद टक्के भाग मूठभर माणसांच्या रंगाने भरून जातो.

पाणी, माती आणि एक रेषा

किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत सुमारे ८५ टक्के लोक राहतात. समुद्राची हौस हे त्याचं कारण फार थोडं. मुख्य कारण पाऊस. खंडाचा सुमारे ७० टक्के भाग शुष्क किंवा अर्धशुष्क आहे. पूर्व किनाऱ्याला समांतर ग्रेट डिव्हायडिंग रेंज ही डोंगररांग आहे. समुद्रावरचे वारे तिच्यावर पाऊस पाडतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. सह्याद्री ओलांडून माणदेशात गेल्यावर पाऊस जसा आटतो, तसंच. पण आपल्याकडे घाटमाथ्यावरचं पाणी कृष्णा-भीमा पूर्वेला घेऊन जातात. तिथे डोंगरापलीकडे वाहणारी मरे-डार्लिंग ही नद्यांची जोडी दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या खोऱ्यातून वाहूनही त्या मानाने फारच थोडं पाणी समुद्राला देते, कारण बरंचसं वाटेतच बाष्प होऊन जातं आणि उरलेलं शेती उपसते. डार्लिंग कोरड्या वर्षांत नुसत्या डबक्यांची माळ होते.

सरासरी पावसापेक्षा त्याचा बेभरवसा जास्त घातक. एल निनोच्या चक्रामुळे काही वर्षं चांगली येतात, मग काही वाईट. चांगल्या वर्षांवर विसंबून वस्ती केली की काय होतं, याचं उत्तम उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे. १८६५ मध्ये तिथले सर्व्हेयर-जनरल (जमीन मोजणीचे प्रमुख) जॉर्ज गॉयडर यांनी दुष्काळानंतर घोड्यावरून फिरून एक रेषा आखली. आधाराला पर्जन्यमापकाच्या नोंदी फारशा नव्हत्याच. त्यांनी झाडोरा पाहिला. मॅली जातीची निलगिरीची झुडपं संपून खारट जमिनीतलं सॉल्टबुश कुठे सुरू होतं, तिथे रेषा. रेषेच्या दक्षिणेला गहू, उत्तरेला फक्त मेंढ्या. आजच्या मोजमापानुसार ती साधारण ३०० मिलिमीटर पावसाच्या रेषेशी जुळते.

मग १८७० च्या दशकात पाऊस चांगला झाला. नांगर फिरला की पाऊस मागून येतो, अशी समजूत तेव्हा जोरात होती. लोकांनी दबाव आणला आणि सरकारने रेषेपलीकडची जमीन गव्हासाठी खुली केली. तिथे वसवलेल्या एका गावाचं नाव फरिना ठेवलं, म्हणजे पीठ. गव्हाचं कोठार होईल ही आशा. १८८० च्या दशकात दुष्काळ परतला, शेतं सोडून लोक निघून गेले. फरिना आज ओसाड आहे, दगडी भिंती उभ्या आहेत. रेषा मात्र अजून खरी ठरते. उलट हवामान बदलामुळे ती दक्षिणेकडे सरकतेय की काय, यावर तिथले कृषितज्ज्ञ बोलत असतात.

'तंत्रज्ञानाने वाळवंट फुलवता येईल' म्हणणाऱ्यांसाठी उत्तरेतली दोन उदाहरणं. डार्विनजवळ हम्प्टी डू इथे १९५० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर भातशेती सुरू केली. पाण्याचं व्यवस्थापन जमेना, वर रानहंसांचे थवे भात फस्त करायचे. योजना गुंडाळली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला ऑर्ड नदीवर १९६३ मध्ये वळण-बंधारा आणि १९७२ मध्ये मोठं धरण झालं. लेक अर्गाइल हा त्याचा जलाशय अफाट आहे. पाणी मुबलक, पण कापसावर किडी पडल्या, त्या औषधांना दाद देईनाशा झाल्या आणि १९७४ मध्ये कापूस बंद झाला. पुढे चंदन वगैरे पिकं आली. एवढं पाणी असूनही कनुनुरा हे तिथलं गाव काही हजारांच्या वर गेलेलं नाही. पाणी नसेल तर वस्ती होत नाही हे खरंच. पण पाणी आलं म्हणजे वस्ती होईलच असं नाही. बाजारपेठ, मजुरी, वाहतूक आणि पीक हे चारही जुळावं लागतं.

आतली जी गावं टिकली, ती बहुधा खाणीच्या जोरावर. कलगुर्ली हे सोन्याचं गाव. तिथे पाणी नव्हतं, म्हणून पर्थजवळच्या मुंडारिंग धरणापासून ५०० किलोमीटरहून लांब नळ टाकला. १९०३ मध्ये आठ पंपिंग स्टेशनांच्या साखळीने पाणी तिथे पोचलं. हा खर्च सोन्याला परवडला, गव्हाला परवडला नसता. शिवाय खनिज संपलं किंवा यंत्रं आली की माणसं कमी होतात. ब्रोकन हिल एके काळी ३० हजारांच्या वर होतं, २०२१ मध्ये १८ हजारांच्या आत.

शहरं आधीपासूनच मोठी

अनेकांना वाटतं की आधी खेडी होती आणि मग लोक शहरांत आले. तिथे क्रम जवळजवळ उलटा आहे. मूळनिवासी लोक हजारो वर्षं खंडभर राहत होते. १७८८ मध्ये ब्रिटिश आले तेव्हा त्यांची संख्या किती होती, याचे अंदाज तीन लाखांपासून दहा लाखांच्या आसपास पसरलेले आहेत. रोगराई, जमिनी हिसकावणं आणि हिंसाचार यांत ती झपाट्याने घटली. त्यावर ब्रिटिशांनी जी वसाहत उभारली, ती बंदरांची. प्रत्येक वसाहतीचं एक बंदर, तिथेच सरकार, तिथेच गोदामं. आतला मुख्य धंदा लोकरीचा. हजारो मेंढ्यांमागे मोजकी माणसं लागतात, त्यामुळे दर दहा मैलांवर गाव उभं राहण्याचं कारणच नव्हतं.

रेल्वेने हे पक्कं केलं. प्रत्येक वसाहतीने रूळ आपल्या बंदराकडे नेले, तेही वेगवेगळ्या रुंदीचे: न्यू साउथ वेल्समध्ये १,४३५ मिलिमीटर, व्हिक्टोरियात १,६००, क्वीन्सलंड आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात १,०६७. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्याला सीमेवरच्या ऑल्बरी स्टेशनावर गाडी बदलावी लागे, ती १९६२ मध्ये रूळ सलग होईपर्यंत. परिणाम असा की प्रत्येक राज्यात एकच शहर फुगलं आणि दुसऱ्या क्रमांकाचं त्याच्या आसपासही आलं नाही. क्वीन्सलंड आणि टास्मानिया त्यातल्या त्यात अपवाद.

सरकारने लोक पांगवण्याचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांच्या सरकारने १९७३ मध्ये याच ऑल्बरीला आणि नदीपलीकडच्या वोडोंगाला जोडून मोठं अंतर्गत शहर करायचं ठरवलं. २००० पर्यंत तीन लाख लोक, हे उद्दिष्ट. आज दोन्ही मिळून साधारण एक लाख. अपयश म्हणावं की नाही, यावर वाद आहे. माझ्या मते एक लाख हेही थोडं नाही, उद्दिष्टच अवास्तव होतं. पूर्ण यशस्वी झालेला एकच प्रयोग म्हणजे कॅनबेरा, आणि तिथे सरकारने स्वतःचीच नोकरशाही नेऊन बसवली. १९२७ मध्ये संसद तिथे गेली तेव्हा आजूबाजूला मेंढ्याच होत्या. आज साडेचार लाखांहून जास्त लोक आहेत. धडा सरळ आहे: जमीन स्वस्त केल्याने माणसं हलत नाहीत, कायमची नोकरी हलवली तर हलतात.

ग्रामीण भागातही सगळं सारखं आटत नाही. गव्हाच्या पट्ट्यात शेतं मोठी होत गेली, यंत्रं मोठी झाली, दहा कुटुंबांची जमीन एक कुटुंब कसतं. मग गावातली शाळा बंद, बँक बंद. ती माणसं सगळी सिडनीला जात नाहीत. बरीच जवळच्या डबो, वॅगा वॅगा, टूवूम्बा अशा मध्यम शहरांत येतात. तिथे त्यांना स्पंज सिटी म्हणतात, कारण आजूबाजूचं शोषून घेतात. राज्याच्या 'ग्रामीण लोकसंख्येत वाढ' अशी बातमी वाचली की आधी बघा, वाढ स्पंजात आहे की त्याच्याभोवती.

वाढ कशाची बनते

सूत्र शाळेत शिकवतात तेच: जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले वजा गेलेले. जून २०२३ ला संपलेल्या वर्षाचे पहिल्यांदा जाहीर झालेले आकडे घ्या. नैसर्गिक वाढ सुमारे १.०६ लाख, निव्वळ परदेशी स्थलांतर सुमारे ५.१८ लाख, एकूण ६.२४ लाख, म्हणजे २.४ टक्के. स्थलांतराचा आकडा नंतर आणखी वर सुधारला गेला. आणि २०२०-२१ मध्ये सीमा बंद असताना हेच निव्वळ स्थलांतर उणे होतं, सुमारे ८५ हजारांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच.

या उसळीचा अर्थ लावताना बरेच जण घसरले. २०२२-२३ मध्ये येणारे वाढले हे खरं, पण जाणारे नेहमीपेक्षा कमी होते. एरवी जे विद्यार्थी शिक्षण संपवून त्या वर्षी परत गेले असते, ते २०२०-२१ मध्ये आलेच नव्हते. निव्वळ आकडा ही वजाबाकी असते, त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या पाहिल्याशिवाय कारण सांगू नये.

'निव्वळ परदेशी स्थलांतर' या आकड्यात कोण बसतं, हे नीट समजून घ्या, कारण निम्मे वाद यातूनच होतात. २००६ पासून बारा-सोळाचा नियम आहे. १६ महिन्यांच्या काळात जो माणूस एकूण १२ महिने किंवा जास्त देशात असेल, तो लोकसंख्येत धरायचा. सलग असण्याची गरज नाही. पुण्याची मुलगी फेब्रुवारीत मेलबर्नला शिकायला गेली, नाताळच्या सुट्टीत सहा आठवडे घरी आली, परत गेली, तर ती मोजली जाते. तिला भेटायला तीन महिन्यांसाठी गेलेले आईवडील नाही. आणि ऑस्ट्रेलियाचा नागरिक १६ पैकी १२ महिने बाहेर असेल तर तो वजा होतो. नागरिकत्व, व्हिसा कायमचा की तात्पुरता, याचा इथे संबंध नाही.

या नियमाचा एक अपरिहार्य तोटा आहे. कोण राहिला हे कळायला १६ महिने थांबावं लागतं. तोवर जे आकडे येतात ते अंदाजी, मागच्या वर्तनावरून बेतलेले. वागणूक अचानक बदलली की अंदाज हुकतो. २०१७ पासून देश सोडताना भरायचं कार्डही बंद झालं, आता प्रवासाच्या आणि व्हिसाच्या नोंदी जुळवून काम करतात.

दोन चुका नेहमीच्या. कायमस्वरूपी स्थलांतराचा वार्षिक कोटा (२०२४-२५ साठी १.८५ लाख) आणि निव्वळ परदेशी स्थलांतर यांची सरमिसळ ही पहिली. कोट्यातली बरीच माणसं आधीपासून देशातच तात्पुरत्या व्हिसावर असतात. त्यांना कायमचा व्हिसा मिळाल्याने लोकसंख्या एकानेही वाढत नाही. दुसरी चूक म्हणजे विमानतळावरच्या मासिक आगमन-निर्गमनाचे आकडे उचलून 'महिन्यात एवढे स्थलांतरित आले' म्हणणं. त्या नोंदी सीमा ओलांडण्याच्या आहेत, माणसांच्या नाहीत. प्रवाशाने सांगितलेला बेत आणि प्रत्यक्ष मुक्काम यांत अंतर असतं. ब्युरोने यावर स्पष्ट इशारा देऊनही दर काही महिन्यांनी ही बातमी छापून येतेच.

जन्मदराचं सांगायचं तर एकूण प्रजननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, १९७६ पासून २.१ च्या (लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या पातळीच्या) खाली आहे आणि २०२३ मध्ये १.५ होता. तरीही मृत्यूंपेक्षा जन्म जास्त, कारण स्थलांतराने विशीतिशीतली माणसं सतत भर घालतात. बाहेरून येणं कायमचं थांबलं तर काही दशकांनी घट सुरू होईल.

'रीजनल' म्हणजे कुठे?

व्हिसाच्या मार्गाने लोक आत पाठवता येतात का? ४९१ क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा यासाठीच आहे. राज्याने किंवा पात्र नातेवाइकाने पुरस्कृत केलं तर व्हिसाच्या गुणपद्धतीत १५ गुण मिळतात, नेमून दिलेल्या भागात राहायचं, काम करायचं, आणि तीन वर्षांनी अटी पूर्ण झाल्यास १९१ या कायमच्या व्हिसाला अर्ज. ऐकायला चांगलं. पण नोव्हेंबर २०१९ पासून या व्यवस्थेत सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून जवळजवळ सगळा देश 'रीजनल' आहे. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, गोल्ड कोस्ट, सगळे. तेवीस लाखांचं पर्थ रीजनल!

ब्युरोची दुर्गमतेची मोजपट्टी वेगळी आहे. ती रस्त्याने जवळच्या सेवाकेंद्रांपर्यंतचं अंतर मोजून ० ते १५ गुण देते. ०.२ पर्यंत महानगर, १०.५३ च्या वर अतिदुर्गम, मध्ये आणखी तीन पायऱ्या. या पट्टीवर पर्थ आणि ॲडलेड महानगर ठरतात, टास्मानियाची राजधानी होबार्ट अंतर्गत प्रादेशिक आणि डार्विन चक्क बाह्य प्रादेशिक. देशाचे सुमारे ७३ टक्के लोक महानगर गटात आहेत. दुर्गम आणि अतिदुर्गम मिळून दोन टक्के, आणि जमीन त्यांच्याकडे ८५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा 'एवढे स्थलांतरित रीजनल भागात गेले' असं वाचलं की विचारा, कोणत्या व्याख्येने. व्हिसाच्या व्याख्येने असेल तर त्यांतले बरेच जण ॲडलेडच्या उपनगरांत आहेत.

प्रत्यक्षात नवे येणारे बहुतेक सिडनी-मेलबर्नला उतरतात, कारण नातलग, मंदिर, किराणा आणि पहिली नोकरी तिथे. सिडनीचं चक्र मोठं मजेशीर आहे: परदेशातून भरपूर मिळवतं आणि देशांतर्गत स्थलांतरात दरवर्षी गमावतं. घरांच्या किमती न झेपणारी कुटुंबं राज्याच्या इतर भागांत किंवा क्वीन्सलंडला सरकतात.

मोजताना काय बिघडतं

जनगणना दर पाच वर्षांनी, १ आणि ६ वर संपणाऱ्या सालांत, ऑगस्टमधल्या एका रात्री. ऑगस्ट म्हणजे दक्षिणेत थंडी आणि उत्तरेत कोरडा, सुखद मोसम. निवृत्त मंडळी कॅरव्हॅन घेऊन त्या काळात ब्रूमसारख्या उत्तरेकडच्या गावांत तळ ठोकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागातल्या लोहखनिजाच्या खाणींवर काम करणारे हजारो जण विमानाने येतात, पाळी संपली की विमानानेच पर्थला किंवा त्याहून लांब घरी जातात. मग पिलबराची लोकसंख्या किती? मोजणीच्या रात्री जिथे होते त्या ठिकाणाने एक उत्तर, नेहमीच्या राहत्या पत्त्याने दुसरं. दोन्ही तक्ते मिळतात. पाणी, सांडपाणी, दवाखान्याच्या खाटा यांसाठी पहिला लागतो. निधीवाटप आणि मतदारसंघ यांचा हिशेब नेहमीच्या पत्त्यावर बेतलेल्या लोकसंख्येवर चालतो. चुकीचा तक्ता उचलला तर खाणगावात दरडोई पाण्याचा वापर अवाच्या सवा दिसतो आणि कोणीतरी गळती शोधायला निघतं.

जनगणनेत मोजलेली संख्या हीच अंतिम लोकसंख्या, असंही नाही. नंतर पडताळणी सर्वेक्षण होतं, सुटलेले आणि दोनदा धरलेले यांचा हिशेब लागतो, आणि मग 'अंदाजित निवासी लोकसंख्या' ठरते. २०२१ मध्ये देशभराची निव्वळ त्रुटी एक टक्क्याच्या आत होती. मूळनिवासी लोकांबाबत मात्र १७.४ टक्के. मोजले ८.१३ लाख, अंतिम अंदाज ९.८४ लाख. दूरच्या वस्त्या, घरांत सतत येणारीजाणारी माणसं, सरकारी कागदावरचा अविश्वास, ही कारणं आहेत. अविश्वासाला इतिहासही आहे: राज्यघटनेचं १२७ वं कलम मूळनिवासींना लोकसंख्येच्या गणतीत धरूच नका असं सांगत होतं, ते १९६७ च्या सार्वमताने गेलं. दुसरं, २०१६ ते २०२१ मध्ये मोजलेली मूळनिवासी संख्या २५ टक्क्यांनी वाढली. एवढी वाढ फक्त जन्मांनी होत नाही. पूर्वी स्वतःची ओळख न नोंदवणारे आता नोंदवू लागले, हा त्यातला मोठा भाग. हा वेग पुढे ताणून अंदाज बांधू नका.

त्रुटीची किंमत नॉर्दर्न टेरिटरीत दिसते. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त, लोक अडीच लाखांच्या आसपास, त्यांतले निम्म्याहून अधिक डार्विनमध्ये. २०२० मध्ये हिशेबाने तिथली संसदेतली दोनपैकी एक जागा जाणार होती, कायदा बदलून ती राखली. इतक्या कमी लोकसंख्येत काही हजारांची चूक म्हणजे केंद्राच्या निधीवर थेट परिणाम.

छोट्या वस्त्यांचे तक्ते वापरणाऱ्यांसाठी आणखी एक: गोपनीयतेसाठी ब्युरो लहान आकडे मुद्दाम किंचित हलवतो. एखाद्या खान्यात ३ असेल तर खरी संख्या ३ च असेल असं नाही, आणि शून्याचा अर्थ कोणी नाही असाही नाही. लहान खाने जोडून बेरीज काढू नका, ती चूक साठत जाते. मोठ्या विभागाचा तयार आकडाच घ्या.

पुढचा अंदाज कसा बांधतात

'दर १.५ टक्के, म्हणजे ७० भागिले १.५, साधारण ४७ वर्षांत दुप्पट' हे ऑस्ट्रेलियाला लावू नका. चक्रवाढ जन्मदराला लागू पडते, कारण जास्त माणसांना जास्त मुलं होतात. स्थलांतर मात्र धोरणावर चालतं. २०२३ च्या सरकारी आंतरपिढी अहवालात दीर्घकालीन निव्वळ स्थलांतर वर्षाला २.३५ लाख धरलं आहे. दरवर्षी तेवढाच आकडा मिळवत गेलं की रेष जवळजवळ सरळ जाते आणि टक्केवारी आपोआप उतरत जाते. त्या अहवालात २०६२-६३ साठी ४.०५ कोटी हा अंदाज आहे.

खरी पद्धत वयोगटांची. सुरुवातीला वय आणि लिंगानुसार लोकसंख्या मांडायची. प्रत्येक गटाला जगण्याचं प्रमाण लावून एक पायरी वर सरकवायचं. मग १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या प्रत्येक गटाला त्या वयाचा जन्मदर. समजा ३० ते ३४ गटात १०,००० स्त्रिया आहेत आणि दर हजारी ११० जन्म, तर वर्षाला १,१०० बाळं. शंभर मुलींमागे साधारण १०५-१०६ मुलगे धरले तर मुली सुमारे ५३५. शेवटी स्थलांतर, तेही वयानुसार. इथे नवशिके हमखास चुकतात: स्थलांतरितांना सरसकट सगळ्या वयांत वाटून टाकतात. ते विशीतिशीत दाटलेले असतात. चुकीचं वाटप केलं तर दहा वर्षांनंतरचे जन्म कमी आणि म्हातारे जास्त दिसतात.

ब्युरोचे अंदाज २०७१ साठी ३.४३ ते ४.५९ कोटी असे पसरलेले आहेत. हा पसारा अज्ञानाचा नाही. ही वेगवेगळ्या गृहीतकांची उत्तरं आहेत, आणि मधला आकडा 'सर्वांत शक्य' असा ब्युरोचा दावाही नसतो.

देशासाठी ही पद्धत छान चालते. पाच हजारांच्या गावासाठी ती ढासळते, कारण तिथे लोकसंख्या ठरवणारा घटक जन्मदर नसतोच. खाणीचा करार, विमानाने कामगार आणायचे की गावात घरं बांधायची हा कंपनीचा निर्णय, भाड्याच्या घरांची संख्या, यांवर सगळं अवलंबून. २०१२ च्या आसपास पिलबरातल्या पोर्ट हेडलंड आणि कराथा या गावांत घरांची भाडी गगनाला भिडली होती. खाणींचं बांधकाम संपलं, बांधकाम कामगार गेले आणि किमती कोसळल्या. बांधकामाच्या काळातली वाढ पुढे ताणून ज्यांनी गुंतवणूक केली, त्यांना बांधकामाला जितकी माणसं लागतात त्याच्या अंशानेच खाण चालवायला लागतात, हे कळलं नव्हतं. लहान गावाचा अंदाज करायचा तर वयोगटांचा तक्ता बाजूला ठेवा आणि घरं मोजा: वीजजोडण्या, बांधकाम परवाने, शाळेचा पट, आणि विमानतळावरच्या साप्ताहिक फेऱ्या.

तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये भारत इंग्लंडखालोखाल दुसरा आला, चीनच्या पुढे. पुढची जनगणना ११ ऑगस्ट २०२६ ला ठरलेली आहे. घरात कोणती भाषा वापरता, या प्रश्नाला प्रत्येक माणसाची इंग्रजीखेरीज एकच भाषा नोंदली जाते. ठरावीक चौकटींत मराठी दिसली नाही तर 'इतर' मध्ये ती लिहून द्यायची. 'इंडियन' लिहिलं तर ते उत्तर कोणत्याच भाषेच्या कामाचं राहत नाही, आणि घरात मराठी चालत असताना सवयीने हिंदीवर खूण केली तर हिंदीत जमा होतं. शनिवार-रविवारच्या भाषाशाळा, ग्रंथालयातली पुस्तकं, दुभाष्यांची सोय कुठे हवी, हे ठरवताना स्थानिक यंत्रणा उपनगरानुसार हेच तक्ते उघडतात. मुलांच्या रकान्यातही विसरू नका, कारण प्रत्येक व्यक्तीचं उत्तर वेगळं धरतात.